गासच्या शेतांवरचा भराव

माझं माहेर गिरीजचं, सासर गासचं, दोन्ही गावं मुंबईच्या उत्तरेला, विरारच्या अलीकडची. लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, मुलगी परगावी दिली असं वाटतच नाही, सायकलवर टांग मारली की पोचलं. माझा मोठा भाऊ, माझा दादा, मनात येईल तेव्हा यायचा. पिशवीत राजेळी केळी, वालाच्या शेंगा, आईने बांधून दिलेलं काहीबाही असायचं. ओटीवर बसून माझ्या सासऱ्यांशी वाडीच्या, पानवेलीच्या गप्पा मारायचा आणि चहा घेऊन जायचा. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, नवरा मुंबईला नोकरीला. त्यामुळे दिवसभर घरात मी, मामंजी आणि माझी दोन मुलं. दादा आला की मामंजींना बरं वाटायचं. त्यांना बोलायला माणूस मिळायचं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर दादा आला तो नव्याकोऱ्या मोटारसायकलवरून. वडिलांमागे पानांचा आणि केळ्यांचा व्यापार तो बघत होता, पण तो धंदा बसत चालला होता हे मला माहेरी गेल्यावर कळायचं. आई बोलायची नाही, पण घरात पाट्या, करंड्या नुसत्या पडून असायच्या. म्हणून मोटारसायकल बघून मला आनंदच झाला.

चहा झाल्यावर दादा मामंजींना म्हणाला, "काका, तुमच्या शेतांच्या बाजूला मोठं काम येतंय. मुंबईत माल ठेवायला जागा उरली नाही. तिथली माणसं इकडे गोदामं बांधणार आहेत. शंभर ट्रक उभे राहतील एवढं मैदान. हायवेकडून सरळ रस्ता आणणार."

"कुठे म्हणता?"

"गावाच्या आणि खाडीच्या मधे. तुमचं भातशेत आहे ना, तो सगळा पट्टा."

मामंजींनी शेताच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "पावणं, पावसात अख्ख्या गावाचं पानी त्या शेतांतून खाडीला जातं. तिथे गोदाम झालं तर ते पानी जाईल कुठे? मला खरंच कळत नाही, म्हणून विचारतो."

"मोठे पाइप टाकणार आहेत. इंजिनीयर आहेत त्यांच्याकडे. आणि घरटी एकाला नोकरी देणार."

"मग ठीक आहे," मामंजी म्हणाले. ते ठीक आहे म्हणाले खरे, पण दादा गेल्यावर शेताकडे गेले आणि जेवायची वेळ टळून गेल्यावर परत आले.

मला तेव्हा एवढंच कळलं होतं की दादाला नवं काम मिळालंय. तो त्या लोकांचा माणूस झालाय, गावोगाव फिरून जमिनी जमवतोय, हे मला शेजारणीने सांगितलं.

शेजारीण ख्रिस्ती. आमच्या आणि तिच्या घरांमधे फक्त एक मेंदीचं कुंपण. घरात ते लोक आपली बोली बोलत. ती इतकी वेगळी की मला पहिल्या वर्षी निम्मी कळत नसे. पण माझ्याशी ती गावातलं साधं मराठी बोलायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. तिला मी बाय म्हणायचे, ती मला वयनी. तिचा नवरा मुंबईत कापडाच्या गिरणीत होता. गिरण्या संपात बंद पडल्या आणि तो घरी आला, तो परत गेलाच नाही. शांत माणूस. त्याआधी शेत तीच करायची, तो रविवारी मदतीला. आता दोघं मिळून करू लागले. तीन मुलं, आणि पोटाला ते एक भातशेत, थोडी केळी. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, नाल्याच्या काठावर होतं.

एकदा कुंपणाशी उभी राहून ती म्हणाली, "वयनी, तुझा भाव काल देवळाच्या मागच्या आळीत होता. कोनकोन शेत देनार विचारीत होता." आमच्याकडे ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतात.

"मग तुमच्याकडे आला का?"

"आलता. हे त्याला म्हनाले, मी देईन. गोदामात नोकरी लागली तर देईन." ती जरा थांबली. "आमचं त्यावरनं भांडन झालं. मी म्हटलं, स्वतःचं शेत देऊन त्याच जागेवर पहारेकरी म्हनून उभं राहायचं? तर गप्प बसले. काय बोलनार? घरी बसून बसून मानूस आतून सुकतो."

माझा नवरा नोकरीत होता, आमच्या घरात महिन्याचा पगार येत होता. तिच्या नवऱ्यासारखे गावात पुष्कळ होते. गिरणी बंद, कारखाना बंद, सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न. त्यांना गोदाम हवं होतं आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गावाची बैठक झाली. हिंदू, ख्रिस्ती सगळे आले. फादर एका बाजूला खुर्चीवर बसले होते, पण बोलले थोडंच. बायका वेगळ्या बसल्या होत्या. मी शेजारणीजवळ बसले. पाण्याचा विषय निघाला. कुणी म्हणालं, गोदामाला दिवसरात्र पाणी लागणार, ते बोअर मारून काढतील, मग वाडीतल्या विहिरींना खारं पाणी लागेल. कुणी रस्त्याचं काढलं. गावातला रस्ता एक बैलगाडी गेली की दुसरीला थांबावं लागे एवढा. त्यावरून ट्रक चालले तर मुलं शाळेत कशी जाणार, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका स्टेशनला कशा जाणार. एक म्हातारी उठून म्हणाली की रात्री परके लोक गावात राहतील, सुना-मुलींनी विहिरीवर जायचं कसं. त्यावर मागे बसलेले काही तरुण हसले. एकजण उभा राहून म्हणाला, "आम्हाला काम द्या, मग आम्ही पण गोदामाला नको म्हणतो." तो हसला नव्हता.

शेवटी असं ठरलं की सगळ्यांनी मिळून ठाण्याला कलेक्टरकडे अर्ज करायचा आणि तोवर कुणी जमीन द्यायची नाही. शेजारणीचा नवराही हो म्हणाला. मी बघत होते. त्याने मान खाली घालून हो म्हटलं.

पण त्या पट्ट्यातली बरीच शेतं गावातल्या लोकांची नव्हतीच. मालक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राहणारे, शेत कुळांना नाहीतर मक्त्याने दिलेलं. त्यांनी केव्हाच देऊन टाकली होती. चैत्र संपता संपता मुरमाचे ट्रक यायला लागले.

मुरूम म्हणजे डोंगर फोडून आणलेली लाल माती आणि खडी. दिवसभर ट्रक गावातून जायचे. आमच्या अंगणात शेजारीण आणि मी मिळून सुकेळ्यांसाठी केळी वाळत घालत होतो. चटईवर लाल धुरळा बसला. आम्ही ती केळी धुऊन पुन्हा वाळत घातली, पण चव गेली होती, दाताखाली कचकच लागायची. केळीच्या पानांवर, कुंपणावर, ओटीवर, सगळीकडे तोच रंग. धाकट्याला खोकला लागला तो पावसापर्यंत गेला नाही.

मग बायकांनी रस्त्यावर बसायचं ठरवलं. ही कल्पना शेजारणीची. सकाळची कामं आटपून आम्ही वळणावर जाऊन बसलो, वीस-पंचवीसजणी असू. कुणी तांदूळ निवडायला घेऊन आली होती, कुणी मूल मांडीवर घेऊन. पहिला ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरून झाडाखाली बिडी ओढत बसला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. उन्हं वर आली तेव्हा दादा मोटारसायकलवरून आला.

तो सरळ माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "ऊठ. घरी जा. लोक बघतायत."

"बघू देत."

"मी त्यांना सांगितलंय की गासला माझी बहीण दिलेली आहे, तिथे काही अडचण येणार नाही. आता काय सांगू?"

"सांग की बहीण रस्त्यावर बसली आहे."

त्याने शेजारणीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "अगं, तुला वाटतं मी कुणाचं वाईट करतोय? पानांचा धंदा संपला. मी काय करू सांग. वाडीतली केळी विकून आईचं औषधपाणी तरी होतं का?"

"दादा, पाणी कुठे जाईल ते सांग. मामंजींनी विचारलं होतं."

"पाइप टाकलेत. मी स्वतः उभा राहून टाकून घेतलेत. जाऊन बघ." त्याचा आवाज चढला नव्हता. तो खरंच सांगत होता. त्याचा त्या पाइपवर विश्वास होता, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून मलाही वाटलं, असेलही.

मी उठले नाही. तो थोडा वेळ तसाच बसला, मग पँटीची धूळ झटकून गेला. ट्रक मागे फिरले. त्या दिवशी बायका घरी जाताना गाणी म्हणत गेल्या. दोन दिवसांनी कळलं की ट्रक आता गावातून येतच नाहीत. खाडीच्या बाजूने, काठचा मातीचा बांध एका ठिकाणी कापून, त्यांनी दुसरा रस्ता केला होता. जिथे बांध कापला तिथेच भरतीचं पाणी अडवणारी लाकडी उघाडी होती, तिच्या फळ्या मोडून बाजूला टाकलेल्या मामंजींनी बघितल्या.

पाऊस सुरू व्हायच्या आत भराव माणसाच्या उंचीच्या वर गेला. गावाच्या बाजूने बघितलं तर खाडी दिसायची बंद झाली. तिथे रोज दिसणारं पाणी नाही, नुसता लाल कट्टा. अर्जाचं उत्तर आलेलं नव्हतं. आमच्या लोकांनी तरीही लावणी केली. भरावाच्या अलीकडची शेतं अजून आमचीच होती.

आषाढ बरा गेला. पाइपमधून पाणी जात होतं. मामंजी रोज जाऊन बघायचे आणि घरी येऊन मला सांगायचे, "जातंय. हळू जातंय, पन जातंय." मला वाटलं, दादा म्हणाला ते खरंच होतं. मनातून मला हलकं वाटलं होतं.

श्रावणात झड लागली. दिवस-रात्र कळेना. ओटीच्या पायरीपर्यंत पाणी आलं, तसं दरवर्षी यायचं आणि ओहोटीला उतरायचं. यावेळी उतरलं नाही. वाडीतल्या केळी गुडघाभर पाण्यात उभ्या. विहिरीची कडा दिसेना, विहिरीचं पाणी आणि वाडीचं पाणी एकच झालं. शेतात लावलेला भात पूर्ण पाण्याखाली गेला. भात पाण्याखाली फार दिवस राहिला की कुजतो, एवढं मलाही ठाऊक होतं. पाऊस जरा थांबल्यावर मामंजी शेताकडे जाऊन आले आणि म्हणाले, पाइपाच्या तोंडाशी मुरूम आणि फांद्या येऊन बसल्यात, पाणी मागे फिरतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले आठ-दहा पुरुष कुदळी-फावडी घेऊन निघाले. मामंजी होते. शेजारणीचा नवरा होता. जाताना तो आमच्या ओटीशी थांबला आणि मामंजींना म्हणाला, "काका, तुम्ही पान्यात उतरू नका. वर उभे रहा. मी उतरतो." गिरणीत असताना तो यंत्रांच्या खाली जाऊन काम करायचा, अडचणीच्या जागेची त्याला भीती नव्हती. शेजारीण दारात उभी होती. तिने त्याला काही म्हटलं, ते त्यांच्या बोलीत, मला समजलं नाही.

आम्ही दोघी तिच्या घरात गेलो. चुलीची लाकडं ओली होती, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी येत होतं. पुरुष भिजून येतील म्हणून चहाचं आधण ठेवलं, तांदळाच्या भाकऱ्या करायला घेतल्या. ती थापत होती, मी भाजत होते. मुलांच्या गोष्टी चालल्या होत्या. तिच्या मोठ्या मुलीला शिवणकाम शिकायचं होतं, त्याबद्दल ती बोलत होती.

दारात मामंजी आले. डोक्यापासून पायापर्यंत लाल चिखल, हातातली कुदळ नव्हती. ते आत आले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं नाही.

"पोरी," ते मला म्हणाले, "चूल विझव."

शेजारणीने हातातला गोळा परातीत ठेवला. विचारलं, "काका, हे कुठं हायत?"

मामंजींनी चौकटीवरचा हात काढला आणि चिखलाने भरलेल्या तळव्यांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "भराव खचला. तो खाली होता. आम्ही हातांनी उकरला, बाय. सगळ्यांनी उकरला."

पिठाचे हात घेऊन ती तशीच दारातून पाण्यात उतरली आणि शेतांच्या दिशेने चालायला लागली. मी तिच्या मागे गेले. मांडीपर्यंत पाणी, पायाखालचा बांध दिसत नव्हता. वाटेतच ते लोक भेटले. बांबूच्या शिडीवर त्याला घेऊन येत होते. कुणीतरी आपला सदरा त्याच्या तोंडावर टाकला होता. तिने तो सदरा बाजूला केला, स्वतःच्या पदराने त्याच्या नाकातोंडातली माती पुसली, कानातली पुसली, आणि मग पुन्हा तोंड झाकलं. सगळे थांबून राहिले होते. ती म्हणाली, "चला."

नंतर मामंजींनी मला झालेलं सांगितलं. तो खाली उतरून पाइपाच्या तोंडातला कचरा ओढून काढत होता. निम्मा निघालाही होता. वरचा मुरूम भिजून जड झालेला, पाण्याच्या दाबाने खालून सुटला आणि एकदम बसला. आवाजही फारसा झाला नाही. आणि जिथे भराव बसला तिथूनच पाण्याला वाट मिळाली. ते उकरत होते तेव्हा पाणी त्यांच्या पायांमधून खाडीकडे धावत होतं. संध्याकाळी देवळाची घंटा वाजत होती तेव्हा आमच्या पायरीखालचं पाणी ओसरलेलं होतं. अंगणात चिखल राहिला. रात्रीपर्यंत शेतं मोकळी झाली. त्यात भात आडवा पडला होता, काळा आणि चिकट, त्याला वास यायला लागला होता.

मातीला अख्खा गाव गेला. दादाही आला. तो दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा राहिला, आत आला नाही. पाऊस पडत होता आणि त्याने छत्री उघडली नव्हती. कुणी त्याला बोललं नाही, कुणी त्याला जा असंही म्हटलं नाही. परत येताना मी त्याच्या समोरून गेले. तो काहीतरी बोलायला लागला. मी थांबले नाही. घरी आल्यावर थोड्या वेळाने बघितलं, तर मामंजी त्याला ओटीवर घेऊन आले होते आणि तांब्याभर पाणी देत होते. दादाने पाणी घेतलं. दोघे तिथेच बसले. मी आतून बाहेर आले नाही.

पुढे सरकारी माणसं आली, त्यांनी जागा बघितली, काम थांबलं. गावाला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं. पण कापलेला बांध कुणी बांधला नाही. उघाडी मोडलेलीच राहिली आणि मधला भराव फुटलेला. भाद्रपदाच्या उधाणाला खाडीचं पाणी त्या वाटेने सरळ शेतांत शिरलं. ते ओसरलं की मागे पांढरा थर राहायचा. पुढच्या अमावास्येला पुन्हा. गावच्या लोकांनी माती टाकून वाट बुजवायचा प्रयत्न केला, पण भरतीपुढे ती टिकायची नाही. विहिरीचं पाणी आधी चवीला बदललं, मग डाळ शिजेना. पिण्याचं पाणी आम्ही देवळाजवळच्या विहिरीवरून आणायला लागलो.

काम परत सुरू होणार, ते लोक अजून जमिनी घेतायत, असं कानावर येत होतं. हिवाळ्यात एका दुपारी दादाची मोटारसायकल मला शेजारणीच्या दारात दिसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो बाहेर पडून निघून जाईपर्यंत मी कुंपणाच्या अलीकडे उभी राहिले. मग तिच्याकडे गेले.

"बाय, हा तुला काय म्हणाला? तुला धमकावलं का त्याने?"

ती मुलीचा फ्रॉक टाचत बसली होती. "बस, वयनी. त्याला मीच बोलावला."

"कशाला?"

"शेत द्यायला."

रस्त्यावर बसायला सगळ्यांना घेऊन गेली ती ही. बैठकीत नवऱ्याला हो म्हणायला लावलं ते हिने.

"मीठ चढलेलं शेत," ती म्हणाली. "दोन-तीन वर्सं तरी काय पिकनार नाय. तोवर पोरांना घालू काय? आनि पिकलं तरी, वयनी, मी तिथं लावनीला कशी उतरू? त्या चिखलात हात घालू?" तिने दोरा दाताने तोडला. "तुझ्या भावाचा राग मला येत नाय. यायला पायजे, पन येत नाय. तो रडला हितं बसून. मला म्हनाला, बाय, मी तुमचं शेत घेत नाय, तुम्ही दुसऱ्या कुनाला द्या. मी म्हटलं, दुसरा कोन घेनार हे? तूच घे."

तिच्या मागोमाग आणखी पाच-सहा घरांनी दिली. तिने दिल्यावर कुणाला नको म्हणायला तोंड उरलं नाही. गावात काहीजण तिच्याबद्दल वाईट बोलले. एकदा आमच्या ओटीवर बसून एकाने तसं काढलं, तेव्हा मामंजी उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना पाहुण्यासमोर उठून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "तिला कोनी काय बोलायचं नाही. माझ्या घरात तर नाहीच." तो माणूस चहा न घेता गेला.

मामंजींनी स्वतः शेत दिलं नाही. दादाने त्यांना विचारलंही नाही. दर पावसाळ्याआधी ते कुणाला तरी बरोबर घेऊन बांध घालायचे, उधाणात तो जायचा. वाडीतली पानवेल त्यांनी एका वर्षी स्वतःच्या हाताने काढून टाकली. खाऱ्या पाण्याने पानं लहान आणि पिवळी यायची. वेल काढताना त्यांनी मला मदतीला बोलावलं नाही. मी भिंतीआडून बघत होते. एकेक वेल सोडवून, गुंडाळून, त्यांनी बांधाशी रचली, जशी काही पुन्हा लावायची आहे.

गोदामं झालीच नाहीत. भरावावर पुन्हा काम सुरू होऊन लोखंडी खांब उभे राहिले, एका बाजूला थोडे पत्रे चढले, मग त्या लोकांचं आपसात बिनसलं असं म्हणायचे. कुणी म्हणायचं की हायवेलगत त्यांना याच्याहून सोयीची जागा मिळाली. नक्की काय ते गावाला कुणी येऊन सांगितलं नाही. जशी आली तशी ती माणसं यायची बंद झाली. खांबांना गंज चढला, भरावावर गवत आणि बाभळी वाढल्या. घरटी एक नोकरी म्हणाले होते, त्यातली एकही कुणाला मिळाली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच भरावावर इमारती उभ्या राहिल्या, त्या दुसऱ्याच कुणाच्या.

दादाची मोटारसायकल गेली, तो पुन्हा सायकलवर आला, पण गासला आला नाही. मी माहेरी जायचे तेव्हा तो वाडीत काहीतरी कामात असायचा, जेवायच्या वेळेला समोर यायचा. एका दिवाळीत आईने आम्हा दोघांना एकत्र वाढलं आणि ती आत गेली. तो भात कालवत म्हणाला, "पाइप मी बघितले होते गं. मोठे होते. माणूस वाकून आत जाईल एवढे."

"हो," मी म्हटलं.

"कुणी मला सांगितलं नाही की ते साफ करायला माणूस ठेवावा लागतो."

त्याला माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. मला ते बोलता आलं नाही. मी त्याच्या ताटात आमटी वाढली. त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही. आमचं बोलणं चालू राहिलं, माझं माहेरी जाणं चालू राहिलं, लग्नकार्यं एकत्र झाली. पण पूर्वीचं ते मनात येईल तेव्हा येणं संपलं.

शेजारीण मुलांना घेऊन विरारला, पूर्वेला चंदनसारच्या बाजूला राहायला गेली. तिच्या भावाने तिथे चाळीत एक खोली बघून दिली होती. घर गासला होतं, पण तिला त्या घराच्या मागच्या दारातून भराव दिसायचा. जाताना तिने मला पाटा-वरवंटा देऊ केला, चाळीत ठेवायला जागा नाही म्हणाली. मी नको म्हटलं, तरी तिने तो आमच्या ओटीवर आणून ठेवला.

मामंजी गेल्यावर, एक-दोन वर्षांनी, मी तिला भेटायला गेले. चाळ नवीनच होती, आजूबाजूला आणखी चाळी उठत होत्या, रस्त्यावर वाळू आणि विटांचे ढीग. तिची मोठी मुलगी आता एका कारखान्यात शिवणकामाला जात होती. धाकटे दोघे शाळेत. खोली नीट ठेवलेली होती, भिंतीवर क्रूस, त्याच्या खाली नवऱ्याचा गिरणीतल्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला फोटो. पुढचं दार उघडलं की समोर दुसऱ्या चाळीचं दार.

मामंजींच्या शेवटच्या दिवसांचं ऐकून ती रडली. मग डोळे पुसून तिने गावातल्या एकेकाचं विचारलं. शेताचं विचारलं नाही. मीच म्हटलं, "तिकडे आता नुसतं गवत आहे. खांब तसेच उभे आहेत."

तिने मान हलवली. तेवढ्यात नळाला पाणी आलं. दिवसातून एकदाच यायचं. ती बादल्या घेऊन बाहेर गेली, रांगेत उभी राहिली, आणि मी तिच्या दोन कळशा उचलून तिच्या मागे गेले.